तिसऱ्या कप्प्यातला मेमो

१

मंगळवारी संध्याकाळी पाच वाजता त्रिवेणी बिराजदारने कपाटातलं निळं फोल्डर काढून भामाबाईंच्या पुढ्यात ठेवलं. तिसऱ्या कप्प्यात बोटं घातली आणि तिचा चेहरा उतरला. कप्पा रिकामा होता.

"इथंच होता," ती म्हणाली. "रविवारी मी माझ्या हातानं ठेवला मावशी."

हरवला होता तिचा इंटरचा मेमो. बारावीच्या गुणपत्रिकेला हैदराबादेत मेमोच म्हणतात, आणि तो नसला तर पुढच्या कुठल्याही शिक्षणाचं दार उघडत नाही. त्रिवेणीला बावीस-तेवीस वर्षांनी ते दार ठोठावायचं होतं. मलकपेठच्या एका रक्ततपासणी केंद्रात ती नऊ वर्षं काउंटरवर बसत होती. तिथल्या सुपरवायझर बाई आता निवृत्त व्हायच्या होत्या. पदवीला प्रवेश घेतल्याचा कागद आणा, ती जागा तुमची, असं मालकांनी तिला सांगितलं होतं. नोकरी, घर आणि कॉलेज अशी तीन डगरींवर पाय ठेवायची कसरत तिला जमणार नव्हती, म्हणून ऑनलाइन बी.ए. करायचं घाटत होतं. अर्जाची शेवटची तारीख गुरुवार होती आणि डुप्लिकेट मेमो मिळायला महिना लागतो.

भामाबाईंनी चष्मा नाकावर चढवला. एका कॉलेजच्या परीक्षा विभागात त्यांनी एकतीस वर्षं मुलांचे कागद तपासले होते. निवृत्तीला सहा वर्षं झाली तरी काचीगुड्यातल्या त्यांच्या गल्लीत कुणाचा कागद अडला की बोलावणं त्यांनाच यायचं. माणसापेक्षा कागद खरं बोलतो, असं त्यांचं मत होतं, आणि ते त्या न विचारताही सांगत.

आज त्या नुसते कागद बघायला आल्या होत्या. आता चोरी बघायची वेळ आली. त्यांनी एकेक कप्पा शांतपणे पाहिला. दहावीचा मेमो होता, आधार कार्ड होतं, फोटो होते, कॉलेज सोडल्याचा दाखलाही होता.

"मेमोची झेरॉक्स कुठं आहे?"

"त्याच कप्प्यात होती."

म्हणजे झेरॉक्सही गेली होती. प्रवेश अडवायचा असता तर कॉलेजचा दाखला नेला असता तरी भागलं असतं, नाहीतर अख्खं फोल्डर उचलणं सोपं होतं. इथे एकच कागद गेला होता आणि त्याची नक्कलसुद्धा मागे राहिली नव्हती. भामाबाईंना ही चोरी विचित्र वाटली.

२

कपाटाची किल्ली देवघराशेजारच्या खिळ्याला असे. घरातल्या पाचही जणांना ती ठाऊक होती आणि बाहेरचं कुणी रविवारपासून आलं नव्हतं. भामाबाईंनी चहा मागवला आणि आधी त्रिवेणीच्या सासऱ्यांना, एकनाथरावांना गाठलं. मूळचे उदगीरकडचे एकनाथराव जुन्या काळचे मॅट्रिक. बियाण्यांच्या कंपनीत जन्मभर कारकुनी करून घरी बसले होते, आणि घरी बसून सगळ्यांना कामाला लावत होते.

"ऑनलाइन डिग्रीला तुमचा विरोध आहे म्हणतात," भामाबाई म्हणाल्या.

"हौ की. आहेच. कॉलेज म्हणजे कसं, बाकावर बसावं, मास्तरानं उभं करावं. स्वयंपाक करता करता फोनमधी बघून कुणी शिकतंय काय?"

"कोठी भागातल्या कॉलेजात गेली तर चालेल?"

एकनाथराव जरा घुटमळले. "मग दुपारचा चहा कोण करणार, ते बी बघावं लागंल."

भामाबाई हसल्या. विरोधाचं मूळ चहाच्या कपात होतं तर. पण एकनाथराव लगेच सावरून बसले.

"पण मेमो मी कायकू घेऊ? मला तर तो पायजेच होता. रविवारी जेवताना मीच म्हणालो, मंगळवारी भामाबाई येणार हायत, त्यान्ला त्रिवेणीचा मेमो दाखवू. आणि त्यांच्याच तोंडून पोरीला ऐकवू की तुझी आई पहिल्या झटक्यात पास झाली होती."

पोरगी म्हणजे योगिनी, त्रिवेणीची मुलगी. तिनं यंदा मार्चमध्ये इंटरची परीक्षा दिली होती. एप्रिलच्या शेवटी निकाल लागला आणि ती गणितात गेली. तेव्हापासून तीन आठवडे घरात एकच पाढा चालू होता, आई बघ आणि तू बघ. योगिनीनं शिक्षण बास म्हणून जाहीर करून टाकलं होतं.

त्रिवेणीचा नवरा कुलदीप टेबलापाशी उभा राहून हे ऐकत होता. पॉलिटेक्निकमधून शिकलेला हा शांत माणूस लिफ्ट दुरुस्तीचं काम करायचा. बायकोच्या डिग्रीबद्दल त्याचं मत कुणी विचारलं तर तो 'बघू' एवढंच म्हणे.

"सोमवारी तू कुठं होतास रे?" भामाबाईंनी विचारलं.

"कामावर," तो म्हणाला, आणि त्याचे कान लाल झाले.

"चुकतोयस. कोठीत होतास. तुझ्या स्कूटरच्या हुकाला तिथल्या जुन्या पुस्तकांच्या दुकानाची पिशवी अडकलेली मी येताना पाहिली. आत सोमवारच्या पावतीखेरीज काही नव्हतं. तिच्यातलं सामान कुठं ठेवलंस?"

कुलदीपनं स्वयंपाकघराकडे एकदा पाहिलं, आणि खालच्या आवाजात म्हणाला, "मावशी, इथं नक्को. जिन्यात या."

३

जिन्यात, पाण्याच्या मोटारीमागे, पोत्याखाली चार पुस्तकं होती. बी.ए.च्या पहिल्या वर्षाची, जुनी, कुणाच्या तरी पेन्सिलीच्या खुणांची.

"प्रवेश झाला की द्यायची होती," कुलदीप म्हणाला. "आधी दिली आणि तिनं ठरवलंच नाही तर उगाच दबाव पडंल."

"मग 'बघू' 'बघू' काय म्हणतोस? सरळ शिक म्हण की."

"मी शिक म्हणालो तर माझ्यासाठी शिकंल. नको म्हणालो तर माझ्यासाठी सोडंल. म्हणून बघू."

भामाबाईंना त्याचं कौतुक वाटलं. एवढं पोटात ठेवून ताकाला जाऊन भांडं लपवणारा नवरा त्यांनी पहिल्यांदाच पाहिला होता. त्यांनी पोतं परत नीट घातलं आणि वर आल्या.

राहिली त्रिवेणीची जाऊ. रसिका दोन वर्षांपूर्वी पुण्याहून लग्न होऊन आली होती, आणि घरी बसूनच कंपनीचं काम करायची. तिचा नवरा महिनाभर कामासाठी बंगळूरला होता. ऑनलाइन पदवीची कल्पना तिचीच.

"अहो मावशी, मी कशाला नेऊ? मीच तर आज स्कॅन करणार होते," रसिकानं लॅपटॉप पुढे सरकवला. "विद्यापीठाची मान्यता तुम्ही तपासलीतच ना? रविवारी जेवणं चालू असताना मी वहिनींना विचारून विचारून अर्धा फॉर्म भरला. मोठ्यानं वाचत होते, म्हणजे चूक नको. हे बघा."

भामाबाईंनी पडद्यावरच्या ओळी वाचल्या. नाव, जन्मतारीख, कॉलेज निजामाबादचं. उत्तीर्ण झाल्याचा महिना आणि वर्ष, जून २००३. प्रयत्न, पहिला.

त्या शेवटच्या दोन ओळींवर त्यांची नजर बराच वेळ थांबली.

"हे दोन्ही तिनंच सांगितलं?"

"हो. महिना लगेच सांगितला. प्रयत्न विचारला तेव्हा जरा थांबल्या, मामंजींकडे पाहिलं आणि पहिला लिही म्हणाल्या. का हो, चुकलंय का काही?"

"आणि तेव्हा टेबलावर कोण कोण होतं?"

"सगळेच. म्हणजे, योगिनी तेवढ्यात उठली. पानात अर्धी पोळी तशीच टाकून. तिचा मूडच नसतो हल्ली."

भामाबाई उठल्या. जाता जाता त्या योगिनीच्या खोलीत डोकावल्या. मुलगी पलंगावर कानात इयरफोन घालून पडली होती. रद्दीत द्यायला म्हणून इंटरची पुस्तकं दाराशी सुतळीनं बांधून ठेवली होती. गणिताचं पुस्तक मात्र त्या गठ्ठ्यात नव्हतं. ते टेबलावर होतं, आणि त्याला कोरं करकरीत खाकी कव्हर घातलेलं होतं.

"भामाआजी, मला काही माहीत नाही," योगिनी म्हणाली. अजून कुणी तिला काही विचारलं नव्हतं.

४

बुधवारी दुपारी त्रिवेणी स्वतःच भामाबाईंच्या घरी आली. उन्हानं तिचा चेहरा लाल झाला होता. पाणी प्यायली आणि म्हणाली, "मावशी, शोधणं बंद करा. गेला तर गेला. एका अर्थी बरंच झालं."

"बरं कसं?"

"ठरवायचं तर सुटलं. रोज सकाळी वाटतं करावं, संध्याकाळी वाटतं कशाला. कॉलेजात गेले असते तर निदान कुणी विचारलं असतं, काल का आली नाहीस म्हणून. घरात बसून शिकायचं म्हणजे आपलं आपल्यालाच. चार दिवस पुस्तक उघडलं नाही तर कोण विचारणार हो मला? सहा महिन्यांत सोडलं तर मामंजी म्हणतील, बघा, मी सांगत होतो."

तिचं म्हणणं खोटं नव्हतं. भामाबाईंच्या मनात मात्र दुसराच हिशोब चालला होता. जूनचा अर्थ ठाऊक असलेली एक व्यक्ती समोर बसली होती. प्रयत्न पहिला म्हणून तिनंच लिहवून घेतलं होतं. मेमो नाहीसा होण्यात सगळ्यांत जास्त सुटका तिचीच होती. मग तिनंच तो नाहीसा केला नसेल कशावरून?

"उन्हात कुठं गेली होतीस?"

त्रिवेणीनं पर्स उघडून रुमाल काढला. त्याबरोबर एक कागद खाली पडला. भामाबाईंनी तो उचलला. डुप्लिकेट मेमोसाठी केलेल्या अर्जाची पोच होती, आजच्या तारखेची.

"रजा काढून दोन तास रांगेत उभी राहिले," त्रिवेणी ओशाळून म्हणाली. "त्यांनी महिना सांगितला. काय की, पाय आपोआप गेले."

भामाबाईंनी कागद परत दिला. तोंड काहीही म्हणो, पाय खरं सांगतात. ज्यानं मेमो लपवलाय तो डुप्लिकेटसाठी उन्हात रांग लावत नाही.

म्हणजे जूनचा अर्थ ठाऊक असलेलं घरात आणखी कुणीतरी होतं. आणि त्यानं हा मेमो ज्या माणसापासून लपवला होता, तो माणूस कोण हे आता भामाबाईंच्या लक्षात आलं. त्यांना मनापासून वाईट वाटलं. चोरी त्यांच्यामुळेच झाली होती.

५

"गणिताचं पुस्तक जरा दे बघू," भामाबाई म्हणाल्या.

त्याच संध्याकाळी त्या योगिनीच्या खोलीत खुर्ची ओढून बसल्या होत्या. दार त्यांनी स्वतः लावलं होतं. योगिनी जागची हलली नाही.

"आजी, लाइट घ्या ना, एवढं काय मनावर घेता. कशाला पुस्तक?"

"बरं, नको देऊस. मी बोलते, तू ऐक. चुकलं तर सांग. मेमो नेणाऱ्याला तुझ्या आईची डिग्री अडवायची नव्हती. तसं असतं तर दाखला नेला असता, झेरॉक्सची पर्वा केली नसती. त्याला त्या मेमोवरचं काहीतरी लपवायचं होतं. काय लपवायचं होतं? मार्क? ते तर कुणी विचारतच नव्हतं. फॉर्ममध्ये एकच गोष्ट मला खटकली. पास झाल्याचा महिना जून."

योगिनीनं कानातले इयरफोन काढले.

"इंटरची परीक्षा मार्चमध्ये होते. जूनमध्ये बसतात ते मार्चमध्ये राहिलेले. जूनचा मेमो म्हणजे दुसरा प्रयत्न. मी एकतीस वर्षं हे मेमो चाळलेत, म्हणून मला दिसलं. पण तुझे आजोबा जुने मॅट्रिक. तुझे पप्पा पॉलिटेक्निकचे. रसिका पुण्याची, तिच्याकडचं वेळापत्रक वेगळं. तिनं तो महिना मोठ्यानं वाचला तरी या तिघांच्या डोक्यात काही पेटलं नाही. घरात एकाच माणसाला जून म्हणजे काय ते पक्कं ठाऊक आहे, कारण त्याची स्वतःची सप्लिमेंटरी याच जूनमध्ये आहे. त्यानं पानात अर्धी पोळी टाकली आणि तो उठला."

"एवढ्यावरून?"

"नाही. शिक्षण सोडलं म्हणणारी मुलगी सगळी पुस्तकं रद्दीत बांधते आणि ज्या विषयानं तिला पाडलं त्याच पुस्तकाला नवं कव्हर घालते, हे मला पटलं नाही. परीक्षा झाल्यावर कव्हर कोण घालतं?"

योगिनी उठली. टेबलावरचं पुस्तक तिनं मांडीवर घेतलं आणि खाकी कागदाची घडी उलगडली. आत घडी न घालता, जपून ठेवलेला मेमो होता. त्याच्यामागे झेरॉक्स.

"तुम्ही बघितला असता तर एका सेकंदात ओळखलं असतं," ती म्हणाली. "आणि आजोबा तुम्हालाच दाखवणार होते. माझ्यासमोर. मला जे बोलतात ते मग मम्मीला बोलले असते. सगळ्यांसमोर."

"मग तिचा प्रवेश अडेल हे नाही सुचलं?"

"तुम्ही बाकीचे पेपर्स बघून गेलात की परत ठेवणार होते. एवढाच प्लॅन होता. पण मम्मी एकदम इतकी परेशान झाली, सगळे शोधायला लागले, मग कसा ठेवू?" तिचे डोळे भरून आले. "मला राग पण आला होता आजी. तीन आठवडे आजोबा म्हणतात आई बघ, आई बघ. आणि ती नुसती पोळ्या लाटत राहिली. एकदा तरी बोलायचं ना मला, हळूच. मग मी रात्रभर विचार केला. मला वाटलं ती पण घाबरतच असेल. माझ्यासारखी."

भामाबाईंनी खुर्ची मागे सरकवली. त्यांनी मेमोकडे हातही नेला नाही.

"मी हा कागद पाहिलेला नाही," त्या उठत म्हणाल्या. "तू तो तुझ्या हातानं आईला दे. पुढं काय करायचं ते तिला ठरवू दे."

६

गुरुवारी सकाळी आठला भामाबाई पोहोचल्या तेव्हा सगळे टेबलाभोवती बसले होते. मधोमध मेमो होता. त्रिवेणीचे डोळे सुजलेले होते आणि योगिनी तिला अगदी चिकटून बसली होती.

"सापडला बघा," एकनाथराव खूश होते. "कुठं होता ते कुणी सांगायलं नाही, पण सापडला. आता तुम्हीच वाचा भामाबाई, आणि ऐकवा या पोरीला."

"मी चष्मा घरी विसरले," भामाबाई म्हणाल्या. चष्मा त्यांच्या पर्समध्ये होता. "त्रिवेणी, तूच वाच."

त्रिवेणीनं मेमो उचलला नाही. तिला तो पाठ होता.

"जून दोन हजार तीन," ती म्हणाली. "मामंजी, जूनमध्ये नापासांची परीक्षा असते. मार्चमध्ये मी गणितात गेले होते."

कुलदीपच्या हातातला कप तसाच राहिला. एकनाथरावांनी मेमो जवळ ओढला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"लग्नात तर सांगितलं होतं..."

"मध्यस्थांनी सांगितलं होतं. मी गप्प बसले. मग इतकी वर्षं गप्प बसायचीच सवय झाली. या तीन आठवड्यांत बोलायला पाहिजे होतं, तर तेव्हाही बसले. ती चूक पहिल्या चुकीपेक्षा मोठी झाली." तिनं योगिनीच्या पाठीवर हात ठेवला. "हिनं मला काल विचारलं, मम्मी, दुसऱ्यांदा जाताना कसं वाटलं? तेवीस वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं."

 एकनाथरावांनी मेमो टेबलावर ठेवला.

"जूनचा पेपर अवघड असतोय काय?"

"पेपर तसाच असतो. जायला पाय उचलत नाही, तेवढंच."

म्हातारा मान खाली घालून मेमोवरून बोट फिरवत राहिला. आपण तीन आठवडे कुणाकुणाला काय काय बोललो, याची उजळणी बहुधा आत चालली होती. शेवटी त्यांनी मेमो रसिकाकडे सरकवला आणि नातीकडे न बघता विचारलं, "तुझा जूनचा फॉर्म कवा भरायचा हाय?"

"आज लास्ट डेट आहे."

"मग बसलीस कशाला?"

कुलदीप उठून जिन्यात गेला आणि चार पुस्तकं आणून त्यानं बायकोसमोर ठेवली. त्रिवेणीनं वरच्या पुस्तकाचं पहिलं पान उघडलं आणि बंद केलं.

"मी सुरू करीन," ती म्हणाली, "पण चार दिवस नाही उघडलं तर..."

"मी विचारीन," योगिनी म्हणाली. "रोज. काल का नाही बसलीस म्हणून. आणि तू मला विचार."

रसिकानं मेमो स्कॅन केला. फॉर्म वरपासून खालपर्यंत मोठ्यानं वाचला आणि एका ओळीपाशी थांबून जावेकडे पाहिलं.

"वहिनी, इथे प्रयत्न पहिला लिहिलंय."

त्रिवेणीनं या वेळी सासऱ्यांकडे पाहिलं नाही.

"दुसरा लिही," ती म्हणाली.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला योगिनीनं आपल्या फोनवर फॉर्म उघडला होता. तिथेही प्रयत्नाची ओळ आली तेव्हा तिनं आईकडे एकदा पाहिलं, आणि तिनंही तेच लिहिलं. दुपारचा चहा त्या दिवशी एकनाथरावांनी केला. साखर फार झाली होती, पण कुणी काही म्हणालं नाही.